परक्याच्या हातचा घास

अनोळखी माणसाच्या हातून घेतलेला घास आपण तोंडात घालतो, ही वरवर क्षुल्लक वाटणारी कृती वस्तुतः फार मोठ्या विश्वासाची आहे. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याचे घर, ज्याची विहीर, ज्याची चूल आपण पाहिलेली नाही, त्याने शिजवलेली वस्तू आपण आपल्या देहात सामावून घेतो. पतपेढीत पैसे ठेवताना आपण दहा चौकशा करतो, लुगडे घेताना पदर उलटासुलटा करून पाहतो. वडापाव घेताना मात्र ‘गरम आहे ना?’ एवढेच विचारतो. असा विश्वास ज्याच्यावर ठेवला जातो, त्याच्यावर काही जबाबदारी येते काय? आणि जो विश्वास ठेवतो, त्याच्यावरही काही येते काय? रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या स्वच्छतेचा प्रश्न आपण सहसा आरोग्यखात्याकडे सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात तो नीतीचा प्रश्न म्हणून तपासून पाहावयाचा आहे.

त्यासाठी मुळशी तालुक्याइतके योग्य ठिकाण शोधूनही सापडणार नाही. पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेला निघालेला रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकीत मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जातो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या रस्त्यावर वाहनांची रीघ लागते. ताडपत्रीच्या आडोशाला निखाऱ्यावर कणसे भाजली जातात, कढईत कांदाभजी तडतडतात, चहाचे पातेले उकळत असते. उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन बायका रस्त्याकडेला बसतात. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला हिंजवडीची संगणकनगरी आहे. तिथल्या काचेच्या इमारतींच्या सावलीत पोहे, वडापाव, अंडाभुर्जी यांच्या गाड्यांवर सुशिक्षित तरुणांबरोबर बांधकामावरचे मजूर, पहारेकरी आणि झाडलोट करणाऱ्या बायाही आपली न्याहारी उरकतात. घाटातला ग्राहक हौसेने खातो, हिंजवडीतला मजूर निरुपायाने खातो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

नीतिविचार करण्याआधी वस्तुस्थिती समजून घेणे अगत्याचे आहे. कारण चुकीच्या माहितीवर उभारलेला नीतिविचार निरपराध्याला दोषी ठरवतो आणि खरा दोष नजरेआड करतो. रस्त्यावरच्या पदार्थांत सर्वांत धोक्याचे काय, असे विचारले तर बहुतेक जण कढईतल्या काळ्या तेलाकडे बोट दाखवतील. ते तेल प्रकृतीला अपायकारक असते, हे खरेच. परंतु रोगजंतूंच्या दृष्टीने पाहता नुकतीच तळलेली भजी, निखाऱ्यावरून उतरलेले कणीस आणि उकळता चहा हे त्या टपरीवरचे सर्वांत निर्धोक पदार्थ होत. अग्नी आपले काम चोख करतो. धोका असतो तो अग्नीनंतर. भाजलेल्या कणसावर तिखट-मीठ चोळण्यासाठी जी लिंबाची फोड वापरतात, ती दिवसभर त्याच वाटीत बुडते आणि अनेकांच्या हातांतून जाते. वड्याबरोबर दिलेली हिरवी चटणी कच्चीच वाटलेली असते, तिच्यात न उकळलेले पाणी असते आणि सकाळी वाटलेली ती संध्याकाळपर्यंत पुरवली जाते. चहा निर्दोष असतो. पण पेला ज्या बादलीत बुचकळून काढला जातो, त्या बादलीत आधीच्या पन्नास पेल्यांची उष्टवण विरलेली असते. ओटा पुसण्याचे ओले फडके हे तर जंतूंचे वसतिगृहच.

काळाचाही यात मोठा वाटा आहे. अनुकूल ऊब आणि ओलावा मिळाला, तर अनेक जीवाणू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने एका जीवाणूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक जीवाणू होतात. म्हणून शिजलेले अन्न साठ अंशांहून अधिक गरम किंवा पाच अंशांहून कमी थंड ठेवावे, असे तज्ज्ञ सांगतात. त्या दोहोंच्या मधली कोमट अवस्था धोक्याची. सकाळी उकडून कुस्करलेली बटाट्याची भाजी दुपारभर पातेल्यात झाकून ठेवलेली असते, ती नेमकी याच अवस्थेत. ‘तळले की सगळे मरते’ हा समजही अर्धाच खरा आहे. माणसाच्या हातावर, नाकात आणि पिकलेल्या जखमेत वास करणारा एक जीवाणू अन्नात वाढताना विष सोडतो. तळणीत जीवाणू मरतो, पण त्याचे विष सहजासहजी नष्ट होत नाही. ज्याच्या बोटाला गळू झाले आहे, त्याने कालवलेले पीठ कितीही तळले तरी ते निर्धोक होईलच असे नाही.

पाण्याविषयी तर बोलावे तितके थोडे. विषमज्वर, पटकी, कावीळ हे रोग मुख्यतः पाण्यातून आणि विष्ठेने दूषित झालेल्या हातांतून पसरतात. बर्फ हे पाण्याचेच रूप; गोठल्याने जंतू मरतात हा निव्वळ भ्रम आहे. मासळी टिकवण्यासाठी केलेला बर्फ सरबताच्या पेल्यात जाऊ नये, म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फ निळ्या रंगाचा करण्याचा दंडक घातला. अशी युक्ती योजावी लागली, यातच दोन्ही बर्फ एकमेकांत किती सहज मिसळत होते, याची कबुली आहे.

पुणेकरांना या साऱ्याची जाणीव फार कठोर रीतीने झाली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या परिसरात गियाँ-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. या विकारात शरीराची संरक्षक शक्ती जंतूशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय लुळे पडतात, कित्येकांना श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागतो. बघता बघता रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू आढळला. दोन्ही दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जाणारे. लोकांनी प्रथम बाहेरच्या खाण्याकडे बोट दाखवले. चौकशीचा रोख मात्र मुख्यतः पिण्याच्या पाण्याकडे वळला, आणि महानगरपालिकेने त्या भागातल्या खासगी जलशुद्धीकरण केंद्रांवर कारवाई केली. ज्या पाण्यावर ‘शुद्ध’ अशी पाटी होती, त्याच पाण्यावर संशय घ्यावा लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे साठ कोटी लोक दूषित अन्नाने आजारी पडतात आणि चार लाख वीस हजार माणसे मरण पावतात. त्यांत सव्वा लाख बालके पाच वर्षांखालची असतात. हा आकडा सर्व प्रकारच्या अन्नाचा आहे, केवळ रस्त्यावरच्या नव्हे. घरचे स्वयंपाकघर, लग्नाचा मांडव, वसतिगृहाची खानावळ यांनाही त्यात वाटा उचलावा लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘घाणेरडे’ हा शब्द आपण उच्चारतो, तेव्हा नक्की कशाला उद्देशून उच्चारतो? आपल्या देशात या शब्दाचा इतिहास काळजाला घरे पाडणारा आहे. ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे पुढे गेले की महाड लागते. तेथील चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. तोवर त्या तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो माणसांना. पुढे सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले, आणि त्यासाठी गोमय व गोमूत्र मिसळलेल्या पंचगव्याच्या घागरी पाण्यात ओतल्या. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटले आणि शेणाने ते शुद्ध झाले! सोवळे आणि स्वच्छता या दोन भिन्न गोष्टी आहेत, इतकेच नव्हे तर कित्येकदा त्या परस्परविरोधी असतात, याचे याहून बोलके उदाहरण आढळणार नाही.

शुभवर्तमानातही हा वाद आलेला आहे. संत मार्क सातव्या अध्यायात सांगतो की, प्रभू येशूचे शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी आणि शास्त्री आक्षेप घेतात. त्यावर बाहेरून आत जाणारी वस्तू माणसाला भ्रष्ट करीत नाही, त्याच्या अंतःकरणातून निघणारी दुष्टता त्याला भ्रष्ट करते, असा प्रभूच्या उत्तराचा आशय आहे. या उताऱ्याचा आधार घेऊन हात धुण्याची टिंगल करणारे महाभाग मला भेटले आहेत. परंतु तो वाद आरोग्याचा नव्हताच. वाडवडिलांच्या संप्रदायाने ठरवून दिलेल्या विधीवरून कोण पवित्र आणि कोण अपवित्र हे ठरवण्याचा तो वाद होता. किंबहुना त्याच वचनाच्या कसोटीवर पाहिले, तर शेजाऱ्याच्या जीविताविषयीची बेपर्वाई ही अंतःकरणातूनच निघते. हात मळका असणे हा दोष नव्हे. हा हात दुसऱ्याच्या घासाला लागणार आहे हे ठाऊक असूनही तो न धुणे, हा दोष आहे.

महाराष्ट्राला हा विवेक गाडगे महाराजांनी आपल्या झाडूने शिकवला. ज्या गावी कीर्तन असेल, त्या गावाचे रस्ते ते आधी झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. घाण दूर करताना त्यांनी माणसाला दूर केले नाही. ‘तुझे अन्न स्वच्छ नाही’ हे वाक्य ‘तू स्वच्छ नाहीस’ असा अर्थ न येऊ देता उच्चारणे, ही या प्रश्नातली पहिली नैतिक कसोटी आहे. गाडीवरच्या माणसाचे कपडे, रंग, बोली, जात पाहून आपण नाक मुरडतो आणि वातानुकूलित उपाहारगृहातल्या पडद्याआडच्या मुदपाकखान्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तेव्हा आपण स्वच्छतेची नव्हे, तर सोवळ्याचीच भाषा बोलत असतो.

पण येथेच थांबलो, तर आपण दुसऱ्या टोकाच्या चुकीत सापडू. विक्रेता गरीब आहे, त्याच्या पोटावर पाय देऊ नये, म्हणून त्याच्या अस्वच्छतेकडे काणाडोळा करावा, असे म्हणणारे दयाळू लोक पुष्कळ आहेत. ही दया तपासून पाहिली पाहिजे. मे २०२४ मध्ये मुंबईत रस्त्यावरच्या गाडीवर शोरमा खाल्ल्यानंतर एकोणीस वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. आपली दया विक्रेत्यापाशी संपते काय? त्या तरुणाच्या आईवडिलांपर्यंत ती पोहोचत नाही काय? आणि नित्यनेमाने गाडीवर खाणारा माणूस कोण असतो? सहलीला आलेला श्रीमंत ग्राहक दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाईल, चार दिवस रजा घेईल, बरा होईल. रोजावर काम करणारा मजूर आजारी पडला की त्याचा रोज बुडतो, औषधासाठी कर्ज होते आणि घरातल्या चुलीवर त्याचा परिणाम दिसतो. तेव्हा गाडीवरची स्वच्छता हा श्रीमंतांचा चोखंदळपणा नाही. एका गरिबाने दुसऱ्या गरिबाला द्यावयाचा तो न्याय आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. विकत देण्याच्या वस्तूतला दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे काय, असा प्रश्न ते उपस्थित करतात. दोष उघड दिसत असेल, तर ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत; परंतु दोष लपलेला असेल आणि त्यामुळे ग्राहकाचे नुकसान किंवा जीविताला अपाय होण्याचा संभव असेल, तर तो न सांगता केलेली विक्री अनीतीची ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेथे त्यांनी दिलेल्या उदाहरणांत लंगडा घोडा आणि मोडकळीला आलेले घर यांच्याबरोबर नासलेले व विषारी अन्नही येते. कालची चटणी आणि कोरड्या विहिरीच्या तळाचे गढूळ पाणी डोळ्यांना दिसत नाही. जंतू तर स्वभावतःच अदृश्य. म्हणजे अन्नातला दोष हा जवळजवळ नेहमीच लपलेला दोष असतो. अशा व्यवहारात सारा भार विक्रेत्याच्या सदसद्विवेकावर येतो.

यावर विक्रेता म्हणेल, ‘फादर, मला तरी कुठे दिसतात ते जंतू?’ त्याचा प्रश्न रास्त आहे. नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. जे दूर करणे माणसाच्या आवाक्यातच नव्हते, ते अज्ञान त्याला दोषमुक्त करते. जे थोड्या प्रयत्नाने दूर करता आले असते, पण आळसाने किंवा सोयीसाठी तसेच राहू दिले, ते अज्ञान त्याला मोकळे सोडीत नाही. या दोन प्रकारांची सीमारेषा किती नाजूक असते, हे मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीच्या हकिगतीवरून कळते. न्यूयॉर्क परिसरातल्या ज्या घरांत ती स्वयंपाक करी, तेथे विषमज्वराच्या साथी उद्भवत. तिला स्वतःला मात्र कसलीही व्याधी जाणवत नव्हती. १९०७ मध्ये तिला ताब्यात घेऊन बेटावरच्या इस्पितळात ठेवण्यात आले. आपण धडधाकट असता दुसऱ्याला रोग देतो, ही गोष्ट तिला कधीच पटली नाही. पुन्हा स्वयंपाक करणार नाही, या वचनावर १९१० मध्ये तिची सुटका झाली. तिला धुलाईचे काम मिळाले, पण त्याची कमाई स्वयंपाकाच्या मानाने फार तुटपुंजी होती. १९१५ मध्ये स्त्रियांच्या एका इस्पितळात साथ आली, तेव्हा तेथील स्वयंपाकघरात नाव बदलून राबणारी बाई तीच निघाली. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला त्या बेटावरच राहावे लागले.

मेरी दोषी होती काय? १९०७ पूर्वी तिला दोष देता येणार नाही. १९१० नंतर तिने दिलेला शब्द मोडला, त्याचा दोष तिच्यावर येतोच. पण जिचे एकमेव कौशल्य समाजाने काढून घेतले आणि त्याच्या बदल्यात पोटापुरते काही दिले नाही, तिच्या दोषात त्या समाजाचाही भाग आहे. ‘तू हे करू नकोस’ असे सांगणाऱ्याने ‘मग तू काय कर’ हेही सांगणे बंधनकारक असते. मुळशीच्या रस्त्यावर ज्या मावशीला आपण ‘चटणी झाकून ठेवा, हात साबणाने धुवा’ असे सांगतो, तिला त्यासाठी लागणारे पाणी कोठून मिळते, हे आपण विचारतो काय?

मुळशीच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न विचारणे विशेष अर्थपूर्ण आहे. याच खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. सत्याग्रह अयशस्वी ठरला, धरण झाले, गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. तो अथांग जलाशय पाहण्यासाठी आज शहरातून माणसे येतात. त्यातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. आणि त्याच जलाशयाच्या काठी कणसे भाजणारी बाई पिंपात आणलेल्या पाण्यावर दिवस काढते. त्या पाण्यातच तिला स्वयंपाक करावयाचा, भांडी विसळावयाची आणि हातही धुवावयाचे. दहा-बारा तास ती रस्त्यावर उभी असते. जवळपास शौचालय नसते. स्वच्छतेचा पहिला धडा शौचानंतर साबणाने हात धुण्याचा, आणि तिला ना शौचालय, ना नळ. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात पापाच्या संरचनांविषयी लिहिले आहे. एकट्या व्यक्तीवर बोट ठेवता येत नाही, पण अनेकांच्या स्वार्थातून आणि निष्क्रियतेतून जे दुरित साकार होते, त्याला त्यांनी हे नाव दिले. नळ नसलेली टपरी हे त्या संरचनेचे अगदी साधे, डोळ्यांसमोरचे रूप आहे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. रस्त्यावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून नागरिकाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात मान्य केले. २०१४ मध्ये फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला. मात्र त्याची रचना शहरांसाठी आहे, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतला घाटरस्ता तिच्या कक्षेबाहेर राहतो. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०११ चे त्याचे नियम यांनी छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी, पिण्यायोग्य पाणी, झाकणाची कचरापेटी आणि आजारी माणसाने अन्न न हाताळणे या अटी घातल्या. वेष्टनाविषयीच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास मनाई केली, कारण छपाईच्या शाईत अपायकारक द्रव्ये असतात. नियम चांगले आहेत. पण जो नियम पाळण्याची साधने देत नाही आणि केवळ दंडाची पावती फाडतो, तो नियम हप्त्याला जन्म देतो. हप्ता दिला की घाणही चालते, आणि हप्त्याचे पैसे वसूल करण्यासाठी कालची चटणी आज खपवावी लागते.

सक्तीने आलेली स्वच्छता लोकांच्या मनात मुरत नाही, याचाही अनुभव पुण्याने घेतला आहे. १८९७ च्या प्लेगात रँडच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घराघरांत शिरून तपासणी केली. रोग हटवण्याचा हेतू असूनही माणसांच्या अब्रूची जी विटंबना झाली, तिच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. रोग एकच, शहर एकच. एका बाजूला माणसाला वगळून केलेले रोगनिवारण होते, दुसऱ्या बाजूला माणसाला जवळ घेऊन केलेले. आजही पालिकेच्या गाडीतून उतरून कढई उलथवून टाकणारा अधिकारी आणि पाणी उकळण्याची रीत समजावून सांगणारी आरोग्यसेविका यांतून आपल्याला निवड करावयाची आहे.

आता ग्राहकाकडे, म्हणजे आपल्याकडे, वळणे भाग आहे. आपल्याला वडापाव स्वस्त हवा असतो, लगेच हवा असतो आणि त्यावर भरपूर चटणीही हवी असते. स्वच्छ पाणी, साबण, झाकण, रोज ताजी वाटलेली चटणी यांना पैसे पडतात. जो विक्रेता हा खर्च करतो, त्याचा वडा दोन रुपयांनी महाग होतो; आणि आपण दोन रुपयांसाठी पलीकडच्या गाडीकडे वळतो. अशा रीतीने प्रामाणिकाला शिक्षा आणि बेपर्वाला बक्षीस आपणच देत असतो. घाटात खाऊन झाल्यावर कागदी ताटल्या आणि पाण्याच्या बाटल्या दरीत भिरकावणारेही आपणच. त्या कचऱ्यावर बसलेली माशी पुढच्या गिऱ्हाइकाच्या भज्यावर बसते, तेव्हा त्या माशीला वाट दाखवणारा कोण?

याशिवाय एक गोष्ट सांगितली पाहिजे. मळके हात ही काही केवळ अशिक्षितांची मिरासदारी नव्हे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतूनच बाळंतिणींना मरण येत आहे. क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम त्यांनी घातला आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक प्रतिष्ठित वैद्यांना ही गोष्ट मानवली नाही. आपले हात मृत्यू वाहून नेतात, हे कबूल करणे त्यांच्या अहंकाराला परवडणारे नव्हते. तेव्हा गाडीवाल्याला हात धुण्यास सांगताना आपला स्वर उपदेशकाचा नसावा, सहप्रवाशाचा असावा.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पाच साध्या गोष्टींचा प्रसार चालवला आहे: स्वच्छता राखा, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानात ठेवा, शुद्ध पाणी व चांगला माल वापरा. यांतली एकही गोष्ट गाडीवाल्याच्या बुद्धीपलीकडची नाही. तोटी असलेले झाकणाचे पिंप, साबणाची वडी, थोडी थोडी आणि ताजी वाटलेली चटणी, पैसे घेणारा एक हात आणि अन्न वाढणारा दुसरा, एवढ्याने पुष्कळ काही साधेल. हातमोजे घालून त्याच हाताने नोटा मोजल्या, तर त्या मोज्यांचा काही उपयोग नाही. ग्रामपंचायतीने टपऱ्यांच्या रांगेला एक नळ आणि एक शौचालय दिले, तर दहा तपासण्यांनी होणार नाही एवढे काम होईल. ही मागणी ग्रामसभेत मांडण्यासाठी कोणी पुढारी असावे लागत नाही.

आपल्या धर्मग्रामांनाही येथे वाव आहे. सणाच्या दिवशी देवळाच्या आवारात आपण खाद्यपदार्थांची दुकाने मांडतो. तेथे वाढणाऱ्या आपल्या भगिनी गाडीवाल्याहून अधिक शिकलेल्या असतात, त्यांच्या हाताशी नळही असतो. तेथे पाणी उकळलेले असते काय? सकाळी केलेला पुलाव दुपारपर्यंत कोमट राहतो काय? ज्याला जुलाब होत आहेत, तो स्वयंसेवक त्या दिवशी वाढण्याचे काम सोडून दुसरे काम घेतो काय? इतरांकडून जे मागावयाचे, ते आधी आपल्या अंगणात दिसले पाहिजे. आपले युवकसंघ आणि धर्मशिक्षणाचे वर्ग पावसाळ्यात मुळशीला सहली नेतात. मुलांनी तिथे खावे, जरूर खावे. कढईतून उतरलेले गरम खावे, कच्ची चटणी आणि बर्फ टाळावा, आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा, आणि ‘मावशी, पाणी उकळलेले आहे का?’ असे नम्रपणे विचारावे. दहा ग्राहकांनी असे विचारले, तर अकराव्यासाठी ती मावशी पाणी उकळू लागेल, आणि तिला त्यासाठी दोन रुपये अधिक देण्याची तयारीही त्यांनी ठेवावी.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर कोळशाच्या निखाऱ्यावर मासळी भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. थकल्याभागल्यांना उघड्यावर गरम घास देणे, हे त्या पहाटे खुद्द प्रभूने केलेले काम आहे. मुळशीच्या काठावर कणसे भाजणारी बाई रोज तेच काम करते. त्या कामाला शोभेल असे पाणी तिला मिळवून देणे आणि त्या कामाला शोभेल अशी काळजी तिच्याकडून मागणे, ही दोन्ही कर्तव्ये आपल्याला बरोबरच पार पाडावी लागतील.